नवीन असतानाही बास नव्हता : एका जुन्या सँट्रोच्या मागच्या स्पीकरचं प्रकरण

गाडी २००८ ची सँट्रो झिंग, पेट्रोल, एमएच ३१. मालक टपाल खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, राहायला नागपुरात मानेवाड्याला. मी त्यांना काकाजी म्हणतो. १५ वर्षं भरल्यावर २०२३ मध्ये त्यांनी गाडीची पुनर्नोंदणी करून घेतली, पर्यावरण कर भरला आणि पुढची पाच वर्षं पदरात पाडली. म्हणजे गाडी विकायची नाही, पण तिच्यावर फार पैसाही घालायचा नाही. ही झाली त्यांची अट. दुसरी अट त्यांच्या नातीची. ती पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. हात ती लावणार, मी फक्त बाजूला उभं राहायचं.

तक्रार अशी होती की मागचा उजवा स्पीकर आवाज वाढवला की फडफडतो आणि डावा मनाला येईल तेव्हा बंद पडतो. डिकी आपटली की पुन्हा सुरू होतो. अॅक्सेसरीच्या एका दुकानात गाडी दाखवून झाली होती. तिथला सल्ला: दोन्ही स्पीकर गेले, ६०० वॅटची नवीन जोडी टाका, तेवढं टेपला झेपणार नाही म्हणून सोबत अॅम्प्लिफायर, आणि मागच्या सीटमागे डिकीवर बसणारा तयार पार्सल ट्रे. एकूण १४,००० रुपये. टेप म्हणजे डॅशबोर्डमधला यूएसबी आणि एफएमवाला डेक. कॅसेट जाऊन जमाना झाला, तरी नागपुरात अजून सगळे त्याला टेपच म्हणतात.

काकाजींना आकाशवाणीच्या बातम्या आणि नाट्यसंगीत यापलीकडे काही ऐकायचं नसतं. ६०० वॅट कशाला लागतात, हे त्यांनी दुकानदाराला विचारलं नाही, मला विचारलं. बोलता बोलता ते एक वाक्य सहज बोलून गेले: "नवीन टाकले होते तेव्हाबी असेच वाजत होते. बास मणून कधी आलाच नाई." पुढचं सगळं प्रकरण या वाक्यावर उभं आहे. आठ-दहा वर्षांत फाटलेला स्पीकर हा उन्हाचा आणि वयाचा परिणाम. पण पहिल्या दिवसापासून नसलेला बास, म्हणजे खालचा जाड आवाज, स्पीकरच्या म्हातारपणाशी जोडता येत नाही. त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं, आणि ते शोधल्याशिवाय नवी जोडी टाकली तर नवी जोडीही तशीच वाजणार.

तपासणी

आधी पेचकस नाही, फक्त कान. टेपच्या सेटिंगमधून आवाज पूर्ण मागच्या स्पीकरकडे ढकलायचा, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एकाच स्पीकरवर स्वच्छ बोलणं ऐकायचं, बातम्या त्यासाठी उत्तम. उजवीकडे आवाज वाढवताच फडफड. डावीकडे चांगला आवाज, पण नातीनं डिकी वरखाली केली की तुटायचा. म्हणजे डाव्याचं दुखणं स्पीकरमध्ये नसून वाटेत कुठेतरी होतं.

नंतर जाळ्या काढल्या. उजव्या ओव्हल स्पीकरच्या कोनभोवतीची (कोन म्हणजे आवाज काढणारा हलता शंकू) फोमची कडा हात लावताच भुग्यासारखी झाली. हे नागपुरात नवं नाही. पार्सल ट्रे थेट मागच्या काचेखाली असतो. एप्रिल-मे मध्ये गाडी उघड्यावर उभी राहिली की ट्रेवर हात ठेववत नाही. ऊन आणि पावसाळ्यातला दमटपणा दोन्ही मिळून पॉलियुरेथेन फोम काही वर्षांत संपवतात. रबराची कडा त्यापेक्षा पुष्कळ टिकते. (२०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. नंतर सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. पण आमच्या गल्लीत त्या दिवशी आकड्यावर अविश्वास दाखवणारा एकही जण नव्हता.)

डाव्याची कडा शाबूत होती. कोन चारही बोटांनी सारखा दाबून पाहिला, कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) घासल्याची खरखर आली नाही. मल्टिमीटरवर रोध मोजला: डावा ३.५ ओहम, उजवा ३.४. चार ओहमच्या स्पीकरची कॉइल डीसीवर साधारण एवढीच दाखवते, म्हणजे दोन्ही कॉइल जिवंत. दुकानात 'दोन्ही गेले' ठरवताना मीटर निघालाच नव्हता.

आता टेप बाहेर काढायचा. त्याआधी १० चा पाना घेऊन बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. टेपच्या मागच्या कपलरच्या, म्हणजे तारा जोडायच्या खटक्याच्या, रंगांची एक पद्धत ठरलेली आहे आणि बाहेरून टाकलेले बहुतेक टेप ती पाळतात: मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, पुढचे पांढरा आणि राखाडी. त्याच रंगावर काळी रेघ असली की ती मायनस. कपलर टेपपासून सोडवला आणि गाडीच्या बाजूनं, म्हणजे तारांच्या टोकाकडून, पुन्हा मोजलं. उजवा ४.३ ओहम. स्पीकरवर ३.४ आणि टोकाला ४.३, म्हणजे जवळजवळ एक ओहम तारेतच जात होता. बारीक तार होती, ०.२ चौरस मिलिमीटरच्या आसपासची. जाऊन-येऊन १० मीटर लांबी धरली तर तांब्याचा हिशेब ०.८६ ओहम येतो, मीटरशी जुळतो. टेप जे काही देत होता त्याचा पाचवा हिस्सा वाटेतच गरम होऊन जात होता. डाव्याचा आकडा तर ट्रे उचलला की गायब व्हायचा. डिकी उघडताना ट्रे दोऱ्यांनी वर ओढला जायचा आणि तार रोज त्याच जागी वाकायची. आतले धागे तुटले होते, वरचं प्लास्टिक तेवढं धरून होतं. जोड पिळून काळी टेप गुंडाळलेले होते. त्या काळ्या टेपचा गोंद उन्हानं पातळ होऊन कधीच वाहून गेला होता.

इथवर नेहमीचंच. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल.

सेलचं प्लस जांभळ्या तारेला, मायनस काळ्या रेघेच्या तारेला क्षणभर टेकवायचं आणि कोन पाहायचा. जोडणी बरोबर असेल तर कोन बाहेर येतो. हिरव्या जोडीवर डावा कोन बाहेर आला. जांभळ्यावर उजवा आत गेला. नातीनं सेल उलटसुलट करून पुन्हा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ही चाचणी कपलर टेपपासून सुटलेला असतानाच करायची. टेपच्या आउटपुटमध्ये बाहेरची वीज घुसवायची नसते. अलीकडच्या टेपमध्ये स्पीकरचं मायनस हे बॉडीचं अर्थिंगही नसतं. दोन्ही तारा टेपमधूनच चालवल्या जातात. एखादी तार पत्र्याला लागली तर टेपमधला आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, जाऊ शकतो. जुन्या मेकॅनिकांपैकी काहींना अजून मायनस बॉडीला लावायची सवय आहे, म्हणून हे स्पष्ट सांगितलं.

उजवा स्पीकर बसवल्या दिवसापासून उलटा होता. दोन्ही स्पीकरना एकच सूर मिळतो तेव्हा एक हवा पुढे ढकलतो आणि उलटा त्याच क्षणी मागे ओढतो. उंच स्वरांच्या लाटा आखूड असतात, त्यांचं फारसं बिघडत नाही. तबल्याचा डग्गा, पायपेटीचा खर्ज यांच्या लाटा गाडीच्या लांबीएवढ्या असतात. त्या एकमेकींना पुसून टाकतात. काकाजींचं वाक्य शब्दशः खरं होतं.

तारा अदलाबदल केल्या आणि दुसरा दोष वर आला

नवीन काही विकत घ्यायच्या आधी उजव्याच्या दोन तारा अदलाबदल केल्या, डाव्याची तुटकी तार तात्पुरती जोडली, टेप लावला. एकाही रुपयाचा खर्च न करता बास आला. काकाजी अंगणात खुर्चीवर होते. "आता कसं वाजून राहिलं!" म्हणत उठून आले.

पण बासबरोबर आणखी एक आवाज आला: पत्र्याच्या डब्यावर कुणी बोटं वाजवावीत तसा. नातीचा अंदाज फाटक्या कडेचा. तिला म्हटलं, तळवा ट्रेवर ठेव. ठेवला की आवाज थांबायचा, उचलला की सुरू. ट्रे हार्डबोर्डचा, मधोमध बोटभर झोळ पडलेला, दोन लोहचुंबकांच्या वजनानं वाकलेला. इतकी वर्षं बासच नव्हता, म्हणून त्याची थरथर कुणाला कळली नव्हती.

ट्रेचं खरं काम स्पीकर धरण्याएवढंच नसतं. कोन पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागून ओढतो. पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली की खर्ज पुन्हा पुसला जातो. हॅचबॅकमध्ये डिकी हीच स्पीकरची पेटी, आणि ट्रे तिचं झाकण. हे झाकण वाकणारं असेल किंवा त्याच्या आणि सीटच्या मधे हात जाईल एवढी फट असेल, तर कितीही महाग स्पीकर टाका, अर्धी मेहनत फटीतून जाते. आमच्याकडे झाकण वाकतही होतं आणि फटही होती. म्हणून पैशांची वाटणी अशी ठरवली: आधी ट्रे, मग तारा, उरेल त्यात स्पीकर. दुकानाचा क्रम नेमका उलटा होता.

स्पीकर निवडताना

नातीला फाटक्या उजव्याची कडा बदलून पाहायची होती. करता येतं. नवी फोमची रिंग चिकटवायची, डीजेचे स्पीकर दुरुस्त करणारे ते रोज करतात. पण पुन्हा फोमच, पुन्हा त्याच काचेखाली. रबराच्या कडेची नवी ओव्हल जोडी घेतली.

वॅटचा प्रश्न मात्र नीट सोडवला, कारण तो काकाजींनी विचारला होता. गाडी चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. अॅम्प्लिफायरशिवायचा टेप स्पीकरवर याहून उंच व्होल्टेजचं शिखर आणूच शकत नाही. १४.४ चा वर्ग २०७. त्याला ४ ओहमच्या दुपटीनं, म्हणजे ८ नं भागलं की २६ वॅट. आतला तोटा वजा केला तर स्वच्छ आवाजासाठी २० च्या जवळपास. टेपवर '५० वॅट गुणिले चार' छापलेलं असलं तरी. स्पीकरच्या खोक्यावरचे ६०० हे कमाल सहनशक्तीचे, तेही बहुधा जोडीचे, तेही क्षणभराचे. ते आवाजाचं माप नाहीच. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात आरएमएस (सतत झेपणारे वॅट) आणि सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल, हे दुसरं माप. अॅम्प्लिफायर नसेल तर पाहायचं ते हेच. ८९ आणि ९२ डेसिबल यांत फरक तीनचा दिसतो, पण तेवढ्यासाठी टेपला दुप्पट वॅट द्यावे लागतात. आम्ही ९२ वाली, ४ ओहमची घेतली. तिच्या खोक्यावरचा मोठा आकडा दुकानात शेजारी ठेवलेल्या जोडीपेक्षा निम्मा होता, किंमतही कमी. ६ बाय ९ इंची ओव्हलऐवजी साडेसहा इंची गोल स्पीकरही चालले असते आणि ते हलकेही असतात. पण ओव्हलच्या कोनचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त, आणि खर्जाला तेच लागतं.

ट्रे

प्लाय लकडगंजातून आणला. १२ मिलिमीटर, आयएस ७१० चा शिक्का असलेला, म्हणजे पाणी सोसणारा मरीन. आयएस ३०३ मधला साधा एमआर, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा, प्लाय स्वस्त पडतो, पण डिकीच्या रबरातून पावसाळ्यात थोडं पाणी येतंच, तिथे तो फुगतो. पूर्ण शीट घ्यावी लागली नाही, उरलेला तुकडा मिळाला.

जुना ट्रे प्लायवर ठेवून आखता आला नाही, तो वाकलेला होता. वर्तमानपत्राचे कागद जोडून गाडीतच साचा केला. चारही बाजूंनी ५ मिलिमीटर कमी, कारण वरून कार्पेटचं कापड येतं आणि ते कडेला दुमडतं. भोकांचा साचा स्पीकरच्या खोक्यातच होता. जिगसॉ आमच्याकडे नव्हता. सुताराकडून कापून आणलं, कडा नातीनं पॉलिश पेपरनं घासल्या, कापलेल्या कडांना आणि खालच्या बाजूला वार्निश मारलं. कापड वरून चिकटवून खालून स्टेपलही मारले. तिला स्टेपल दिसायला वाईट वाटत होते. मी आग्रह धरला. मे महिन्यात दोन ठिकाणी गोंद सुटून कापडाला फुगे आलेच, पण कडा स्टेपलमुळे जागच्या हलल्या नाहीत.

आता ज्या गोष्टीकडे घरी काम करणारे आणि दुकानवाले दोघेही सारखंच दुर्लक्ष करतात ती. प्लाय सव्वातीन किलोच्या आसपास, दोन स्पीकर मिळून तीन. म्हणजे सव्वासहा किलोचं ओझं, मागे बसणाऱ्याच्या मानेच्या उंचीवर, नुसतं प्लास्टिकच्या कडेवर टेकवलेलं. गाडी जोरात धडकली आणि गुरुत्वाच्या ३० पट मंदन धरलं, तर ते जवळपास १९० किलोच्या जोरानं पुढे येतं. मागे बहुतेक वेळा काकाजींची नातवंडंच बसतात. हे गणित नातीनंच कागदावर केलं, आणि नंतर 'नुसता ठेवू' असं कोणी म्हटलं नाही.

डिकीच्या बाजूचं प्लास्टिक उतरवलं. मागे पत्रा कुठे आहे, वायरिंगची जुडी कुठून जाते, हे पाहून मगच ड्रिल. दोन्ही बाजूंना एल पट्ट्या पत्र्याला एम६ बोल्टनं, मागे रुंद वॉशर, भोकांच्या कडांना प्रायमर. सीट बेल्टच्या बोल्टवर पट्टी टांगायचा मोह होतो, कारण तो तयार मिळतो. त्याला हात लावायचा नाही. ट्रे पट्ट्यांवर विंग नटनं धरला, म्हणजे पाना न घेता निघतो. डिकीच्या दाराला बांधलेल्या दोऱ्या कायमच्या काढल्या. एवढं वजन त्या उचलणार नव्हत्या, आणि तार तुटायचं मूळही तेच होतं.

तारा

१ चौरस मिलिमीटरची दुहेरी, बारीक धाग्यांची. १० मीटरला ०.१७ ओहम, पूर्वीच्या पाचव्या हिश्शाएवढा रोध. याहून जाड तारेची वीस वॅटला गरज नाही. दुकानात बोटाएवढी निळी तार दाखवतात, ती शोभेची. दाराच्या उंबऱ्याखालच्या पट्टीतून, पत्र्याच्या भोकात ग्रॉमेट (रबराची कडी) घालून मागे नेली. स्पीकरच्या दोन पात्यांपैकी रुंद पातं प्लस असतं. थिंबलही (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या पितळी टोप्या) त्याच मापाचे घेतले की पुन्हा उलटं लावताच येत नाही. थिंबल दाबून वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी), काळी टेप कुठेही नाही. ट्रेजवळ एक कपलर, म्हणजे ट्रे काढताना तारा ओढल्या जाणार नाहीत. टेप जागेवर बसवायच्या आधी सेल पुन्हा टेकवला: दोन्ही कोन बाहेर.

स्पीकरच्या रिमखाली फोमची पट्टी, आणि ट्रेच्या चारही बाजूंनी दाराला लावतात ती चिकट सील पट्टी. सीटच्या बाजूची फट मोठी, तिथे ती दोन पदरी.

नवे स्पीकर बसवायच्या आधी मी एक आडमुठेपणा केला. शाबूत असलेला जुना डावा नव्या प्लायवर बसवून, दुसरं भोक पुठ्ठ्यानं बंद करून, नातीला एक राग ऐकायला लावला. वीसेक मिनिटांचं जास्तीचं काम. नात वैतागली. "काका, नवीन आणलेच आहेत न, मंग हे कायले?" पण ऐकल्यावर तीच म्हणाली की जुना टाकून द्यायचा नाही. एकटा जुना स्पीकर, पक्क्या ट्रेवर, आधीच्या दोघांपेक्षा भरदार वाजत होता. नव्या जोडीनं त्यावर स्पष्टता आणि जोर दिला. पण मोठी उडी आधीच झाली होती.

हिशेब: स्पीकर ३,२००, प्लाय ४५०, तार ३५०, पट्ट्या-नट-थिंबल-स्लीव्ह २५०, कापड आणि गोंद ५००, सुतार १५०. एकूण ४,९००. अॅम्प्लिफायर घेतला नाही आणि त्याची उणीव आतापर्यंत जाणवलेली नाही. टेपमधला हाय पास फिल्टर (ठरलेल्या आकड्याखालचे स्वर कापणारी सोय) ८० हर्ट्झवर ठेवला आहे, त्यामुळे वीस वॅट अगदी खालच्या खर्जात वाया जात नाहीत.

त्यानंतरचं

काकाजींनी फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी सोय) पुढे सरकवून ठेवला आहे. बातम्या समोरून आल्या पाहिजेत, मागून कोणी बोलल्यासारखं नको, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. मागचे स्पीकर भरण्यासाठी असतात, ऐकण्यासाठी पुढचे. आणि पुढच्या दारातले अजून मूळचेच आहेत. मागचं सुधारल्यावर त्यांचा पातळपणा आता उघडा पडला आहे. त्यांच्याही तारांना नातीनं सेल टेकवून पाहिला. दोन्ही बरोबर निघाले.

एक गैरसोय मात्र झाली. भंडाऱ्याहून मुलीकडून तांदळाचं पोतं येतं तेव्हा पूर्वी ट्रे वर ढकलून ते आत लोटायचे. आता विंग नट काढा, कपलर सोडा, ट्रे बाहेर ठेवा. काकू दर वेळी बोलतात. लोहचुंबकांना सामान घासू नये म्हणून खालून जाळी लावायची आहे, ती राहिली आहे. महिन्याभरानं बोल्ट तपासले तेव्हा डावीकडचा एक किंचित ढिला होता. तिथे नायलॉनचा लॉक नट टाकला.